रबरी बोटीच्या सांध्यातून हवा सुटतेय? पावसाळ्याआधी करायची दुरुस्ती, पायरीपायरीने

कृष्णाकाठच्या आमच्या गावात फुगवायच्या बोटीला सगळे रबरी बोटच म्हणतात, मग ती रबराची असो वा नसो. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. पुढच्या वर्षी आमच्या मंडळाने वर्गणी काढून स्वतःची बोट घेतली. तेव्हापासून तिची देखभाल माझ्याकडे आहे.

बोटीचं कापड अजून धडधाकट आहे, पण मध्यंतरी सांधे बोलायला लागले. एका जूनमध्ये पहिल्या पावसात बोट फुगवली, तर सकाळपर्यंत उजव्या बाजूचा मागचा कप्पा मऊ पडलेला. घाईघाईने सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून ठिगळ मारलं. तीन आठवड्यांत उन्हाची एक तिरीप लागली आणि ठिगळ जागेवरून सरकलं. खाली गुळाच्या कच्च्या पाकासारखा पिवळट चिकटा उरला होता. पाणी चढायच्या दिवसांत आमची बोट अशी बसून होती, हे मला फार लागलं. नंतर नीट शिकून घेतलं आणि फेब्रुवारीत सांधा पुन्हा केला. तो आजही हवा धरून आहे. हा लेख त्याच कामाचा आहे.

काम करायचे दिवस जानेवारीअखेर ते मार्च. या दुरुस्तीत लागणाऱ्या सोल्युशनला हवेतला ओलावा ६०-६५ टक्क्यांच्या आत हवा आणि तापमान १८ ते २५ अंशांच्या आसपास. जूनमध्ये आपल्याकडे हे मिळत नाही, कोकणात तर ऑक्टोबरपर्यंत नाही. फेब्रुवारीतली सकाळ, दव उडाल्यानंतरचे नऊ ते अकरा, ही वेळ सर्वांत चांगली. पुराची तयारी मे अखेर करायची असं आपण धरून चालतो. फुगवायच्या बोटीपुरतं ते फार उशिराचं आहे.

आधी बघा, गळती खरंच आहे का

बाजूच्या ट्यूबला बहुतेक बोटींत ०.२ ते ०.२५ बार, म्हणजे ३ ते ३.५ पीएसआय एवढाच दाब लागतो. मोटारसायकलच्या चाकात याच्या आठ-दहा पट हवा असते. त्यामुळे पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी बोटीला कधीच लावू नका, सांधे आणि कप्प्यांमधले पडदे एका दमात फाटतात. पायपंप वापरा आणि कमी दाब दाखवणारा गेज घ्या. नेमका आकडा व्हॉल्व्हजवळच्या पट्टीवर छापलेला असतो.

आता एक गंमतीची नव्हे, कामाची गोष्ट. बंद ट्यूबमधल्या हवेचा दाब तापमानाबरोबर हलतो, दर अंशाला साधारण ४ मिलिबार, म्हणजे ०.००४ बार. संध्याकाळी ३० अंशाला ०.२५ बार हवा भरली आणि पहाटे पारा १८ वर उतरला, तर एकही छिद्र नसताना गेज ०.२० दाखवतो. हात लावला तर ट्यूब मऊ लागते आणि माणूस गळती शोधत दिवस घालवतो. म्हणून बोट सावलीत ठेवा, सकाळी सातला दाब लिहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी सातलाच बघा. दोन्ही वेळी तापमान जवळपास सारखं असताना दाब उतरला असेल, तरच पुढे जा.

दुसरा संशय व्हॉल्व्हवर घ्यायचा. हवा सुटते म्हणून आलेल्या बोटींमध्ये कितीतरी वेळा व्हॉल्व्हच्या पडद्यावर वाळूचा एक कण बसलेला असतो. झाकण काढा, व्हॉल्व्हच्या तोंडात साबणाचं पाणी भरा आणि दोन मिनिटं बघा. बुडबुडा आला तर व्हॉल्व्ह धुवा, रबरी वायसर बदला, तेवढ्यावर काम संपतं.

साबणाच्या पाण्याने माग काढणं

अर्ध्या मगात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड घाला आणि दोन इंची रंगाच्या ब्रशने घट्ट फेस करा. बोट पूर्ण दाबाला फुगवून ठेवा. एकेक सांधा हातभर लांबीने घ्यायचा: फेस लावायचा, थांबायचं, टॉर्च आडवा धरून बघायचं. मोठी गळती लगेच फुगे काढते. सांध्याची गळती मात्र बहुधा बारीक असते. दूध तापताना पातेल्याच्या कडेला बारीक फुग्यांची ओळ धरते, तशी ती पट्टीच्या कडेने हळूहळू उमटते. हिला मिनिट-दीड मिनिट लागतं. घाईने पुढे सरकलात तर ती दिसणारच नाही.

दिसली की पेन्सिलीने खूण करा. मार्कर नको, त्याची शाई प्लॅस्टिकमध्ये मुरते.

इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण सांध्याच्या दुरुस्त्या फसतात त्या इथेच. बोटीचं कापड म्हणजे मध्ये पॉलिस्टरच्या धाग्यांची वीण आणि दोन्ही अंगांना हवाबंद थर. दोन कापडं एकमेकांवर दीड-दोन इंच चढवून जोडतात, आतून एक पट्टी लावतात, बऱ्याच बोटींत बाहेरूनही लावतात. आतली पट्टी कुठे सुटली की हवा कापडाच्या कापलेल्या कडेत शिरते आणि समईच्या वातीतून तेल चढावं तशी धाग्याधाग्याने पुढे सरकते. बाहेर पडते ती वाट सापडेल तिथे, कधी वीतभर अंतरावर. म्हणजे फुगे दिसतात ते हवेचं बाहेरचं दार. त्या दारावर रुपयाएवढं गोल ठिगळ मारलं की हवा शेजारून निघते आणि आपल्याला वाटतं ठिगळ नीट बसलं नाही.

म्हणून खूण केल्यावर अंगठ्याने सांधा दाबत दोन्ही बाजूंना सरका. एखाद्या जागी दाबल्यावर फुगे थांबले, तर हवेची वाट त्या बाजूने येते आहे. त्या जागेवरही खूण करून घ्या. तीन थर एकत्र येतात त्या इंग्रजी टी अक्षरासारख्या जोडांवर आणि ट्यूबच्या मागच्या शंकूसारख्या टोकांवर जास्त वेळ द्या. आमची गळती शंकूपासून चार बोटांवर निघाली होती.

बाहेर कुठेच फेस येत नाही, तरी कप्पा मऊ पडतो, असं असेल तर दोन कप्प्यांमधला पडदा बघायचा. सगळे कप्पे अर्ध्या दाबाला भरा, मग एकाची हवा सोडा. शेजारचा कप्पा हळूहळू मऊ होऊ लागला आणि रिकाम्या कप्प्यात हवा जमू लागली, तर पडदा गळतो. ही परीक्षा पूर्ण दाबाला करू नका. एका बाजूला ताण आणि दुसरीकडे काहीच नाही, या अवस्थेत पडद्याचा जोड उसवू शकतो.

कापड कोणतं, हे कळल्याशिवाय सोल्युशन आणू नका

माझं पहिलं ठिगळ निघालं तेव्हा मी बोटीचा मोकळा भाग नाक्यावरच्या पंक्चरवाल्या मामांकडे नेला होता. त्यांनी नखाने कापड खरवडलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "दादा, हे रबर न्हवं. हे प्लॅस्टिक हाय. आमचं सोल्युशन हितं चालायचं न्हाई." वर्षभराच्या धडपडीत कुणी सांगितलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

बोटी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक पीव्हीसीची, दुसरी हायपलॉनची. हायपलॉन हे ड्यूपॉन्ट कंपनीचं नाव. त्यांनी त्याचं उत्पादन २०१० मध्ये थांबवलं. आता त्याच जातीचं कापड सीएसएम म्हणून मिळतं, बोलताना मात्र लोक हायपलॉनच म्हणतात. पीव्हीसी दोन्ही अंगांनी सारखं आणि थोडं चकचकीत असतं. हायपलॉन बाहेरून मंद, हाताला रबरासारखं, आणि आतल्या अंगाला बहुधा निओप्रीन या कृत्रिम रबराचा काळा-करडा थर. बोटीबरोबर आलेला ठिगळाचा तुकडा उलटून बघितला की बरंचसं कळतं.

तरी शंका राहिली तर नजरेआड असलेल्या एखाद्या जागी कापसाच्या बोळ्याने मेथिल इथाइल किटोनचा, ज्याला दुकानात एमईके म्हणतात, एक थेंब चोळा. पीव्हीसी लगेच चिकट होतं, हायपलॉनला फारसा फरक पडत नाही. काहीजण तापलेली तांब्याची तार लावून हिरवी ज्योत बघायला सांगतात. तसं करू नका. क्लोरीन दोन्हींत असल्याने ज्योत दोन्हींची हिरवी येते, आणि धूर घशाला लागतो तो वेगळाच.

पीव्हीसीला दोन भागांचं पॉलियुरेथेन सोल्युशन लागतं, हायपलॉनला दोन भागांचं निओप्रीन सोल्युशन. दोन भाग म्हणजे मुख्य डबा आणि हार्डनरची छोटी बाटली. सायकलचं किंवा चपलांचं रबरी सोल्युशन पीव्हीसीवर का टिकत नाही, याला सरळ कारण आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं. ते सावकाश झिरपून रबरी सोल्युशनला विरघळवतं. पहिल्या दिवशी पकड उत्तम वाटते, महिन्याभरात चिकटा होतो.

सामान

जमवायचं ते थोडकंच आहे: योग्य सोल्युशन आणि त्याचा हार्डनर, बोटीच्याच जातीच्या कापडाची पट्टी, पीव्हीसीसाठी एमईके किंवा हायपलॉनसाठी टोल्यूइन, धुतलेलं पांढरं सुती कापड, ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, आखूड केसांचे दोन ब्रश, अरुंद कडक रोलर, स्टीलचा चमचा, पुट्टीची पाती, हेअर ड्रायर किंवा हीट गन, आणि ग्रॅमचा काटा. पातीचे कोपरे कानशीने गोल करून घ्या, नाहीतर कापडाला चीर पडते. सोल्युशन स्टीलच्या किंवा काचेच्या वाटीत काढा, थर्मोकोलची वाटी त्यात विरघळून जाते. रंगाच्या दुकानातलं सुटं थिनर आणू नका. त्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही आणि काही थिनर सुकल्यावर तेलकट थर मागे ठेवतात. तो डोळ्याला दिसत नाही, पण जोड त्याच्यावर बसत नाही.

हार्डनर नवा घ्या. त्यात आयसोसायनेट असतं आणि ते हवेतल्या ओलाव्याने खराब होतं. बाटलीतला हार्डनर गढूळ झाला असेल, तळाशी बसला असेल, तर टाकून द्या. गेल्या वर्षीची अर्धी बाटली वाचवायला जाऊन सगळी दुरुस्ती वाया जाते.

आणि हे काम घरात करायचं नाही. अंगणात शेड असेल तर उत्तम, नसेल तर दोन्हीकडून वारा वाहणारी पडवी. आसपास विडी, शेगडी, वेल्डिंग, काही नको. हीट गन आणि एमईकेचा उघडा डबा कधी एका वेळी हातात असू नयेत. साधा कापडी मास्क या वाफा अडवत नाही, केमिकलच्या वाफेसाठीचा काडतूसवाला मास्क लागतो. ज्याला दमा आहे त्याने आयसोसायनेटच्या जवळ येऊच नये, मदतीलासुद्धा नाही. एमईके पातळ नायट्रिल हातमोज्यांतून लवकर आत येतं. ब्यूटाइल रबराचे मोजे मिळाले तर तेच घ्या, नाहीतर नायट्रिलचे दर थोड्या वेळाने बदलत राहा.

सांधा उघडणं

साबण गोड्या पाण्याने पूर्ण धुऊन काढा आणि बोट एक दिवस सुकू द्या. मग सगळी हवा सोडा, व्हॉल्व्ह उघडे ठेवा. दुरुस्तीची जागा प्लायवुडच्या फळीवर सपाट घ्या, आजूबाजूला वाळूच्या पिशव्या ठेवून कापड ताणरहित करा. सांधा ताणात चिकटवला तर फुगवल्यावर पुन्हा उचलला जातो.

चिकटवलेली बाहेरची पट्टी उघडायची ती उष्णतेने. ड्रायर वीतभर लांब धरून सतत हलवत राहा. कापड हाताला चांगलं गरम लागलं पाहिजे, पण चमक बदलता कामा नये. कडेखाली पुट्टीची पाती सारा आणि पट्टी वर न ओढता मागे, कापडाला समांतर, सावकाश सोलत न्या. बोटभर सोललं की पुन्हा गरम करा. पट्टीबरोबर वरचा थर उचलून पांढरे धागे दिसायला लागले तर तिथेच थांबायचं. आपण सोल्युशन सोडवतोय, कापड नव्हे.

किती उघडायचं? गळतीच्या खुणेपासून सुरू करून पट्टी घट्ट चिकटलेली लागेपर्यंत आणि तिथून पुढे आणखी दोन-तीन सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना. आमच्याकडे फुगे दोन इंचांत दिसत होते, सैल पट्टी मात्र फूटभर निघाली. बाहेरून बघून हे कुणालाच सांगता आलं नसतं.

कारखान्यात गरम हवेने वेल्ड केलेल्या पीव्हीसी बोटींत पट्टी अशी सुटत नाही. तिच्याशी झुंजू नका. तिथे सांधा न उघडता वरूनच रुंद पट्टी चढवायची.

जुनं सोल्युशन काढणं आणि पायरी बुजवणं

उघडलेल्या दोन्ही अंगांवर जुन्या सोल्युशनचा थर असतो. पीव्हीसीवर एमईकेने ओलं केलेलं फडकं मिनिटभर दाबून धरा, मग चोळा, थर वळून वातींसारखा निघतो. कापड भिजत ठेवायचं नाही, जास्त वेळ एमईके बसलं की पीव्हीसी फुगतं. हायपलॉनवर आधी पॉलिश पेपर मारायचा. सगळी चमक जाऊन एकसारखी मंद जमीन दिसली पाहिजे. मग धूळ झटकून टोल्यूइनने पुसा. ही घासाई त्याच दिवशीची हवी, आदल्या दिवशी घासून ठेवलेल्या जमिनीवर पकड कमी होते. दोन्ही प्रकारांत शेवटचं पुसणं एकाच दिशेने, दर वेळी नव्या फडक्याने, फडकं पांढरं राहीपर्यंत. त्यानंतर तिथे उघडा हात लावू नका, बोटाचं तेल पुरेसं असतं.

मग पायरी. एक कापड दुसऱ्यावर चढतं तिथे सुमारे मिलिमीटरभर उंचीची कड असते. वरून पट्टी लावली की ती या कडेवरून तंबूसारखी ताणली जाते आणि खाली एक बारीक बोगदा राहतो. संपूर्ण सांध्याच्या लांबीभर हवेला सरळ रस्ता मिळतो. मी पाहिलेल्या फसलेल्या दुरुस्त्यांपैकी बहुतेकांत हा बोगदाच होता. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. वरच्या कापडाची कड पॉलिश पेपरने उतरती करा, पण धाग्यापर्यंत जाऊ नका. आणि पट्टी बसवताना चमच्याची पाठ कडेच्या कोनात दाबून पूर्ण लांबीभर फिरवा, तेही रोलर मारायच्या आधी.

नवी पट्टी गळतीच्या सगळ्या खुणांपलीकडे चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर जाईल एवढी कापा. कोपरे वाटी ठेवून गोल करा. चौकोनी कोपरा सगळ्यात आधी उचलतो. कोरडी ठेवून बघा, पेन्सिलीने बाहेरची रेघ मारा, आणि पट्टी व बोट दोन्हींवर जुळणाऱ्या तीन-चार आडव्या खुणा करा. चिकटल्यावर सरकवता येत नाही, तेव्हा या खुणाच कामाला येतात. रेघेबाहेर दोन मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावा.

सोल्युशन लावणं

हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. बहुधा वजनाने ५ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे ४० ग्रॅम सोल्युशनला २ ग्रॅम. इथे अंदाजपंचे चालत नाही, काटा वापरा. कमी पडला तर जोड उन्हात मऊ होतो, जास्त झाला तर कडक होऊन तडकतो. सावकाश, फेस न करता मिसळा. मिसळलेलं मिश्रण काही तासच चालतं, त्यामुळे लागेल तेवढंच करा.

पहिला हात पातळ, दोन्ही अंगांना, म्हणजे बोटीला आणि पट्टीलाही. ब्रश एका दिशेने, घोटून घोटून लावायचा नाही. वीस ते तीस मिनिटं थांबा. बोटाचं पेर टेकवलं तर चिकटता कामा नये. मग दुसरा हात, पहिल्याच्या आडव्या दिशेने. सांध्याची कड आणि पट्टीच्या कडा या वेळी नीट बघा, ब्रश तिथेच कोरडा जातो. हायपलॉनला आणि फार शोषणाऱ्या कापडाला तिसरा हात द्यावा.

आता खरी कसोटी वाट बघण्याची. फार लवकर जोडलं तर सोल्युशनमधला उडून जाणारा द्रावक आत कोंडतो आणि जोड महिनाभर कच्चा राहतो. फार उशिरा जोडलं तर पकडच येत नाही. मोजून साधारण दहा मिनिटं, पण घड्याळापेक्षा हाताचं पेर खरं. टेकवल्यावर चिकटल्यासारखं वाटलं पाहिजे, उचलल्यावर तार निघता कामा नये.

थराकडे तिरकं बघत राहा. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवा दमट असेल तर त्यावर पाणी धरतं. थराची चमक जाऊन थंडीत आरशावर फुंकर मारल्यासारखी पांढुरकी झाक आली, तर जोडू नका. सगळं पुसून, दुसऱ्या कोरड्या दिवशी पहिल्यापासून करा. मला हे एकदा करावं लागलं आहे. दोन तासांचं काम गेलं, पण त्या झाकेवर जोडलेली पट्टी नीट धरली नसती.

पॉलियुरेथेनचा थर जरा जास्त सुकला वाटला तर ड्रायरने हलकेच गरम करा, तो पुन्हा जागा होतो.

पट्टी एका टोकाकडून खुणा जुळवत खाली सोडत या. दुसरा माणूस उरलेली पट्टी वर धरून उभा हवा. आधी चमच्याची पाठ पायरीत, मग रोलर मधून कडेकडे, अंगाचा भार टाकून. पट्टीखाली हवेचा फुगा अडकला तर सुईने टोचू नका, रोलरने कडेला काढा. टेप लगेच, सोल्युशन ओलं असतानाच सोडवा. मग वर प्लॅस्टिकचा कागद, फळी आणि वाळूची पिशवी, २४ तास.

फुगवायची घाई नको

२४ तासांनी अर्धी हवा भरा, तेवढीच. ७२ तासांनी पूर्ण दाब. आठवडाभर बोट पाण्यात नेऊ नका, जोडाची ताकद तेवढ्या दिवसांत भरते. मग पुन्हा तेच: सकाळी सातला गेज, साबणाचं पाणी, दुसऱ्या सकाळी गेज.

तळ आणि ट्यूब यांच्यामधला सांधा सुटला असेल तर हवा जात नाही, पाणी आत येतं. तो शोधायला बोट दोन टायरांवर उचलून ठेवा आणि आत चार-पाच बादल्या पाणी ओता. बाहेर थेंब धरेल ती जागा. बाकी कृती तशीच.

स्वतः करू नये अशा दुरुस्त्या

आतली पट्टी लांबवर सुटली असेल तर ट्यूब कापून आत हात घालावा लागतो. ते कारागिराचं काम. पडद्याची बारीक गळती व्हॉल्व्हमधून ओतायच्या द्रव सीलरने काही महिने थांबते, तात्पुरता उपाय एवढंच तिचं मोल. मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं, तिचा सांधा सुटला असेल तर माझं स्पष्ट मत आहे की घरी हात लावू नये. तिथे इंजिनाचा सगळा जोर येतो आणि सांधा उसवला तर तो प्रवाहाच्या मधोमध उसवतो.

ऐन पुरात गळती लागली तर चिकटवायच्या फंदात पडू नका. ओल्या कापडावर काही धरत नाही, रुंद चिकटपट्टीसुद्धा. कापडाला भोक पडलं असेल तर दोन पत्र्यांचा, हाताने फिरवायच्या पंखवाल्या नटाने आवळायचा क्लॅम्प मिळतो, तो पिशवीत असावा. सांध्यावर तो नीट बसत नाही. तिथे एकच करायचं: माणसं उतरवायची, बोट बाजूला काढायची. बाकीचे कप्पे भरलेले असल्याने ती तरंगत राहते, पण तरंगते म्हणून तिच्यात पुन्हा माणसं भरायची नाहीत.

सांधे जातात कशाने

माझ्या पाहण्यात सांधा पुरात कमी आणि उन्हात जास्त जातो. सकाळी २५ अंशाला ०.२५ बार भरलेली बोट दुपारी आतून ४५ अंशांवर गेली की दाब ०.३३ च्या पुढे जातो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी बोट मैदानात कडक फुगवून ठेवायची आणि पाहुण्यांची वाट बघायची, हे थांबवा. उन्हात ठेवायचीच असेल तर हवा कमी करा आणि पाण्यात उतरवताना पुन्हा भरा.

दुसरा शत्रू गाळ. पुराच्या पाण्यातली रेती ट्यूब आणि तळाच्या खाचेत बसते आणि प्रत्येक हेलकाव्याला सांध्यावर कानस फिरवते. बोट बाहेर आली की फुगलेली असतानाच त्या खाचेत पाण्याचा झोत मारा. इंजिनातलं पेट्रोल सांडलं असेल तर लगेच साबणाने धुवा. पूर्ण सुकवून, शंखजिऱ्याची पूड भुरभुरून, सैल घडी घाला, दर वेळी वेगळ्या जागी. चमक आणणारे सिलिकॉनचे फवारे मारू नका, पुढच्या दुरुस्तीला तिथे सोल्युशन धरत नाही. आणि बोट जमिनीवर नको, पोत्यांच्या थप्पीखाली तर नकोच. उंदीर घडीच्या कोपऱ्यालाच दात लावतो.

आमच्या बोटीच्या पिशवीत आता एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड असतं. त्यावर कप्प्यांची आकृती, प्रत्येक दुरुस्तीची जागा, वापरलेलं सोल्युशन, हार्डनरच्या बाटलीवरची मुदत, आणि दर महिन्याचा सकाळी सातचा दाब. शेवटची नोंद उजव्या मागच्या कप्प्याची आहे: भरला ०.२५, दुसऱ्या सकाळी ०.२५.